आईच्या पैठणीतला मोर आणि मोबाईलचं कव्हर

आईचा साठावा वाढदिवस जवळ आला होता आणि तिच्या मोबाईलला दोन वर्षं तेच ते पारदर्शक कव्हर, जे आता लोणच्याच्या तेलात पडून निघाल्यासारखं पिवळं झालेलं. म्हटलं तिच्या लग्नातल्या पैठणीवरचा बांगडी मोर घालून एक कव्हर करून देऊ, चित्र एआयकडून काढून घेऊ, खाली "आईसाहेब" लिहू (घरात सगळे तिला असंच चिडवतात) आणि कॉफीच्या मगवर, टीशर्टवर प्रिंट करून देणारे एक काका आहेत त्यांच्याकडून छापून आणू, तासाभराचं काम. त्या तासाभराच्या कामाला तीन आठवडे लागले आणि दोन कव्हरं वाया गेली. पण प्रत्येक वेळी नेमकं कुठे फसलं ते शोधत गेले तर त्यात बरंच सायन्स सापडलं, म्हणून हे लिहितेय.

आधी त्या पिवळ्या कव्हरचं सांगून टाकते. तो मळ नसतो, घासून काही होत नाही, मी सोडा टूथपेस्ट सगळं करून बघितलंय. ही मऊ कव्हरं बहुतेक टीपीयू नावाच्या प्लास्टिकची असतात आणि त्यातल्या स्वस्त प्रकाराच्या रेणूंमध्ये बेंझीनसारख्या कड्या असतात, उन्हातलं अल्ट्राव्हायोलेट, फोनची गरमी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या कड्यांची रचना बदलत जाते, आणि ही नवी रचना निळा प्रकाश शोषते. निळा गेला की उरतं ते आपल्याला पिवळं दिसतं. नवंकोरं पारदर्शक कव्हर पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, कित्येकदा त्यात हलकीशी निळसर झाक दिसेल, ती पिवळेपणा लपवायला मुद्दाम घातलेली असते, पांढऱ्या शर्टाला नीळ देतो तसं.

आता मोर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बांगडी मोर म्हणजे पैठणीच्या पदरावर बांगडीच्या गोलात गुंफलेले मोर, आईच्या पदरावर एका बांगडीत चार आहेत. मी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सरळ मराठीत टाकलं, "पैठणीवरचा बांगडी मोर". आलं काय, तर हिरव्या काचेच्या बांगड्यांचा ढीग आणि त्यावर ऐटीत बसलेला एक खराखुरा मोर, मागे धूसर दिवे! लग्नाच्या अल्बमचं पहिलं पानच जणू.

हे असं का होतं ते कळायला ही टूल्स चित्र कशी काढतात ते थोडं बघावं लागतं. जुन्या टीव्हीवर चॅनल गेलं की मुंग्या यायच्या आठवतंय? यातली बरीचशी मॉडेल्स त्या मुंग्यांपासूनच सुरुवात करतात. शिकवताना त्यांना लाखो करोडो चित्रं दाखवतात आणि प्रत्येक चित्रावर थोड्या थोड्या मुंग्या टाकत जातात, शेवटी चित्र पूर्ण दिसेनासं होईपर्यंत, आणि मॉडेलचं काम एवढंच, की आत्ता या चित्रात मुंग्या किती आणि कुठे आहेत ते ओळखायचं. हे नीट जमलं की उलटा प्रवास करता येतो, नुसत्या मुंग्या द्यायच्या आणि त्यातून थोड्या थोड्या काढत जायचं, वीस-तीस-पन्नास पायऱ्यांमध्ये चित्र वर येतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की त्यात कोणाला गणपती दिसतो कोणाला हत्ती, तसंच काहीसं, फरक इतकाच की इथे ज्याला दिसतो तोच दर पायरीला भिंत थोडी पुसून गणपती अजून स्पष्ट करत जातो. या पद्धतीला डिफ्यूजन म्हणतात. मूळ कल्पना २०१५ साली जॅशा सोल-डिकस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, तीही चक्क थर्मोडायनॅमिक्समधून उचलून, शाईचा थेंब पाण्यात पसरतो त्याचंच गणित. २०२० मध्ये बर्कलीच्या जोनाथन हो वगैरे मंडळींनी त्यातून खरोखर बघण्यासारखी चित्रं काढून दाखवली. आता सगळीच टूल्स याच पद्धतीने चालतात असं नाही हां, काही चित्राचे तुकडे आपण वाक्य लिहितो तसे एकामागून एक मांडतात, पण माझा मोर मुंग्यांमधूनच आला.

भिंतीवर गणपती बघायचा की हत्ती हे सांगणारा भाग वेगळा असतो. ओपनएआयने जानेवारी २०२१ मध्ये क्लिप नावाचं मॉडेल आणलं, ते नेटवरच्या ४० कोटी चित्र-आणि-मजकूर जोड्यांवर शिकलेलं होतं, कुठल्या शब्दांशी कुठलं चित्र जुळतं एवढंच ते सांगायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या मॉडेलने शब्द समजून घ्यायला क्लिपचाच भाग वापरला. पण त्या जोड्यांमधला मजकूर जवळपास सगळा इंग्रजी. त्यात प्रॉम्प्टला, म्हणजे आपण लिहिलेल्या सूचनेला, जागा फक्त ७७ टोकनांची (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा), आणि देवनागरीचं एकेक अक्षर कॉम्प्युटरच्या पोटात तीन तीन बाइट घेतं त्यामुळे मराठी वाक्याचा त्यात भुगा होतो. माझ्या अ‍ॅपने बहुतेक आधी इंग्रजी भाषांतर केलं असणार, बांगडी अधिक मोर, झालं. पैठणीचा फोटो आणि त्याखाली कोणीतरी नीट लिहिलेलं "ही बांगडी मोराची नक्षी" अशी जोडी मॉडेलने कितीदा बघितली असेल, हातावर मोजण्याइतकी.

मग भावाच्या गेमिंग पीसीवर स्टेबल डिफ्यूजन टाकलं आणि शब्दांचा नाद सोडून आईच्या पदराचाच फोटो दिला. यात नुसत्या मुंग्यांपासून सुरुवात होत नाही, आपल्या फोटोवर थोड्या मुंग्या टाकायच्या आणि तिथून पुढे साफ करायला सांगायचं. किती टाकायच्या त्याचं एक बटण असतं, ० ते १. मी ०.३ ठेवलं तर फोटो जवळपास जसाच्या तसा, पदराच्या घडीसकट. ०.८ ला मोराचं बदक झालं. ०.५ च्या आसपास बरं जमलं, मोर पदरातलेच वाटत होते आणि घडी गेली होती.

पण काहीतरी खटकत होतं आणि ते काय हे कळायला मला पैठणी कपाटातून काढून भिंग घेऊन बसावं लागलं. हातमागावरच्या पैठणीत नक्षी नंतर भरलेली नसते, विणतानाच प्रत्येक रंगाचा बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून माघारी वळवतात, त्यामुळे मोराची मान जवळून बघितली तर ती गोल नसतेच, बारीक बारीक पायऱ्यांची असते. आणि पदर उलटा केला तरी मागून नक्षी जवळपास तशीच. एआयने त्या पायऱ्या सगळ्या गुळगुळीत करून टाकल्या होत्या, जणू ब्रशने रंगवल्यात. त्यालाही कारण आहे. हे मॉडेल मूळ चित्रावर काम करतच नाही, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र आधी ६४ बाय ६४ च्या छोट्या जाळीत दाबून बसवतात. मूळ चित्रातले ७,८६,४३२ आकडे जाळीत १६,३८४ होतात, ४८ पट कमी, म्हणून तर ते घरच्या पीसीवर चालतं. पण आठ बाय आठ पिक्सेलचा अख्खा चौकोन चार आकड्यांत कोंबायचा म्हणजे पैठणीच्या पायऱ्यांसारखं बारीकसारीक आधी मरणार. शेवटी मी फोटो एका मोराच्या जवळ जाऊन मोठा काढला, अशा चार-पाच तुकड्यांवर वेगवेगळं काम करून जोडलं, तेव्हा कुठे पायऱ्या टिकल्या.

"आईसाहेब" ची तर वेगळीच कथा. चित्रातच लिहून दे म्हटलं तर शिरोरेषा झकास, आणि तिला वाळत घातलेल्या कपड्यांसारखं काहीही लटकलेलं. मॉडेलला अक्षर म्हणजे एक आकार एवढंच. देवनागरीत तर लिहिण्याचा आणि दिसण्याचा क्रमही वेगळा, "कि" टाइप करताना आधी क आणि मग वेलांटी, दिसताना वेलांटी आधी, आणि "लक्ष्मी" हा दिसायला दोन अक्षरांचा शब्द कॉम्प्युटरमध्ये सात चिन्हांचा असतो. फोनमध्ये हे सगळं जुळवून मांडायला वेगळं सॉफ्टवेअर आहे, मॉडेलकडे ते नाही, ते बघून बघून अंदाज करतं. इंग्रजी अक्षरं आताशा नव्या टूल्सना बरी जमतात, आपल्या जोडाक्षरांवर मात्र बऱ्याच टूल्सना अजून घाम फुटतो. तेव्हा चित्र एआयचं आणि अक्षरं वेगळी टाकायची, मी इंकस्केप नावाच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मुंबईच्या "एक टाइप" वाल्यांचा बलू फॉन्ट घेतला, फुकट आहे आणि वळणदार आहे, दोन मिनिटांत काम.

चित्र घेऊन काकांकडे गेले, छापून आलं आणि बघते तर सगळ्यात देखण्या मोराच्या तोंडात कॅमेऱ्याचं भोक! काका म्हणाले, "ताई, टेम्प्लेट घेऊन नाही का बसायचं आधी?" चूक माझीच. शिवाय चित्र धुरकट. हिशोब केला असता तर आधीच कळलं असतं. फोन साधारण १६० बाय ७५ मिमी, कडेने कापायला तीन-तीन मिमी जास्त धरा, म्हणजे १६६ बाय ८१. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या नेहमीच्या मापाने ते होतात साधारण १९६० बाय ९६० पिक्सेल. माझं चित्र चौकोनी, १०२४ बाय १०२४. उंची पूर्ण भरायची तर इंचाला १५७ च ठिपके पडतात, आणि रुंदीतले १०२४ पैकी जेमतेम ५०० वापरले जातात, म्हणजे अर्ध्याहून जास्त चित्र दुकानातच कापून पडलं. एआयला पहिल्यापासून उभं चित्र मागायचं आणि वरचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडायचा, हे मला दोनशे रुपये घालवून कळलं. मोठं करून देणारी अपस्केलर टूल्स आहेत पण तीसुद्धा मधले ठिपके मनानेच भरतात, मोराच्या पिसाऱ्यात चालून जातं, माणसाचा चेहरा असेल तर जपून.

दुसरं कव्हर मापात आलं, पण रंग मेले. स्क्रीनवर जो पोपटी असा उजळत होता तो कव्हरवर शेवाळासारखा, मोरपंखी निळा जांभळ्याकडे झुकलेला, आणि जरीची मोहरी झालेली. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, लाल हिरवा निळा मिसळून. कव्हर प्रकाश टाकत नाही, त्यावर पडलेल्या ट्यूबलाइटच्या उजेडातला काही भाग रंग खातात आणि उरलेला आपल्याकडे येतो, त्यामुळे काही भडक हिरवे-निळे शाईत होतच नाहीत, प्रिंटर त्यातल्या त्यात जवळचा रंग देऊन मोकळा होतो.

काकांची पद्धत सब्लिमेशनची, आणि ती मला सगळ्यात आवडली कारण पैठणीच्या कपाटातच तिचं उदाहरण आहे. डांबराची गोळी कशी, वितळून ओघळत नाही, हळूहळू लहान होत नाहीशी होते, घनरूपातून थेट वायू. ही शाई तशीच. आधी कागदावर उलटं छापतात, आरशात दिसतं तसं, तेव्हा रंग इतके मरगळलेले दिसतात की मी म्हटलं गेलं आता. मग तो कागद ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ठेवून हीट प्रेसमध्ये दाबतात, १८० ते २०० डिग्री, मिनिटभर. पत्र्यावर पॉलिस्टरचा थर असतो, गरमीने त्याच्या रेणूंच्या साखळ्या सैल होतात, शाईचा वायू आत शिरतो, थंड झालं की साखळ्या आवळतात आणि रंग आत अडकून बसतो. म्हणून तो नखाने खरवडून निघत नाही. नंतर पत्रा कव्हरच्या मागे चिकटवतात. (वायरलेस चार्जिंगचा फोन असेल तर हे कव्हर घेऊ नका, चार्जरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यातच वीज फिरते, फोन चार्ज व्हायच्या ऐवजी पत्रा तापतो. आईच्या फोनला ती भानगडच नाही.)

जरीवर मात्र अडलो होतो. सोनेरी हा खरं तर रंगच नाही, पिवळ्या धातूवरून परावर्तन आहे, हात हलवला की चमक सरकते ती. एआय स्क्रीनवर पिवळ्याच्या बाजूला पांढरे ठिपके रंगवून डोळ्याला फसवतं, पत्र्यावर ते फसवणं चालत नाही. तेव्हा काकांनी कपाटातून ट्रॉफीच्या पट्ट्यांना लागते ती सिल्व्हर शीट काढली. नेहमीच्या पत्र्याला खाली पांढरा थर असतो, हिला नाही, आणि सब्लिमेशनची शाई पारदर्शक असते, त्यामुळे पिवळ्यातून खालचा धातू चमकतो. त्यांनी कात्रीने मापात कापली, दाबली, कागद उचलला, आणि जरीला जरीची चमक आली! मी दुकानात ओरडलेच. बाकीचे रंग थोडे गडद झाले आणि मोरांचे डोळे पांढरेऐवजी चंदेरी आले कारण या शाईत पांढरा रंग असतच नाही, पांढरं म्हणजे खालचं जे असेल ते. पण ते खपून गेलं.

वाढदिवसाला आईने कव्हर उजेडात इकडून तिकडून फिरवून बघितलं, चष्मा लावला, बोटाने मोजलं आणि म्हणाली, "अगं, माझ्या पदरावर बांगडीत चार मोर आहेत. इथे पाच कसे?"

तीन आठवडे ते चित्र माझ्यासमोर होतं. या मॉडेलना मोजता येत नाही हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं, "चार" हा आकडा त्यांच्याकडे कुठे टिपून ठेवलेला नसतो, गोलात जागा दिसली की मोर बसवला. पण मीही एकदासुद्धा मोजले नव्हते. कव्हर बदलू का विचारलं तर आईने तोवर ते फोनवर चढवलंही होतं आणि मावशीला व्हिडिओ कॉल लावून पाचवा मोर कुठला ते ओळखायला सांगत होती.