स्वाती डोक्यावर आली की हवाई आलं

मे संपता संपता रात्री दहाच्या सुमाराला मुंबईत गच्चीवर जा आणि मान पार मागे टाकून बघा, डोक्यावर जी नारिंगी चांदणी दिसते ना ती स्वाती. हवाईच्या मोठ्या बेटावरूनही ती अशीच डोक्यावरून जाते, कारण अक्षांश जवळपास तोच, १९ अंशांच्या आसपास. तिकडे तिचं नाव होकुलेआ, म्हणजे आनंदाचा तारा. दक्षिणेकडून, पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाहून येणाऱ्या नावाड्याला ती रोज रात्री थोडी थोडी वर चढताना दिसते, आणि बरोब्बर डोक्यावर आली की समजायचं, हवाईच्या पट्ट्यात पोचलो.

१९७५ मध्ये हवाईत बांधलेल्या शिडाच्या होडीला हेच नाव दिलं. शेजारी शेजारी दोन होड्या, वर आडवे दांडे आणि फळ्या. १९७६ मध्ये मायक्रोनेशिया या पॅसिफिकमधल्या बेटांवरचे नावाडी माऊ पियाइलुग यांनी ती होकायंत्र-नकाशा काहीही न वापरता ताहितीला नेली, सुमारे ४,००० किमी! तारे, लाटांची दिशा आणि संध्याकाळी जमिनीकडे परतणारे पक्षी, एवढ्यावर. होडीचं अंग मात्र प्लायवूड आणि फायबरग्लासचं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून पुढची होडी अस्सल लाकडाची करायची ठरली, हवाईलोआ. जुन्या काळी कोआ या हवाईतल्या झाडाचं एक अख्खं खोड कोरून होडीची एक बाजू करायचे, तर अशी दोन झाडं हवी होती, फक्त दोन. लोक महिनोन्‌महिने जंगलं पालथी घालत फिरले आणि तेवढं मोठं धड खोड मिळालंच नाही, कारण शेकडो वर्षांत जंगल तोडलं गेलं, उरलेली रोपं गुरांनी खाल्ली. मला विचाराल तर पर्यावरणावरच्या शंभर भाषणांपेक्षा हा शोध जास्त बोलका आहे. शेवटी अलास्कातल्या आदिवासींनी आपल्या जंगलातली स्प्रूसची (सूचिपर्णी वृक्ष) दोन झाडं भेट दिली, पण ती तोडायला हवाईच्या लोकांचं मन धजेना, तेव्हा आधी हवाईत कोआची रोपं लावायला घेतली आणि मग लाकूड घेतलं. १९९३ मध्ये हवाईलोआ पाण्यात उतरली.

२०१४ ते २०१७ होकुलेआ जगभर फिरली, पृथ्वीची काळजी घ्या सांगत. होडीवर पाणी मोजून मिळतं, नळ कुठे असतो तिथे, पृथ्वीचंही तसंच! कोआची ती रोपं मात्र अजून पोरवयातच आहेत, होडीजोगं खोड व्हायला त्यांना अजून पिढ्या जातील.