एका ‘एच’ने बदललेले डोंगर

स्कॉटलंडच्या नकाशावरची डोंगरांची गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतली नावे पाहून ‘लिहायचे एक आणि वाचायचे भलतेच’ असा शेरा नेहमी मारला जातो. तो अन्यायाचा आहे, कारण गेलिकचे लेखन इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक नियमबद्ध आहे. रोमन अक्षरे पाहताच आपण त्यांना इंग्रजीचे नियम लावतो, एवढीच अडचण आहे.

‘मोर’ म्हणजे मोठा. ‘कार्न’, म्हणजे दगडांची रास किंवा खडकाळ डोंगर, हा शब्द पुल्लिंगी असल्याने ‘कार्न मोर’ असेच म्हणतात. पर्वत या अर्थाचा ‘बेन’ हा शब्द मात्र स्त्रीलिंगी आहे आणि त्याच्यापुढे ‘मोर’चा ‘वोर’ होतो. मराठीत ‘मोठा’चे ‘मोठी’ होताना शब्दाचा शेवट बदलतो, गेलिकमध्ये सुरुवात बदलते. ‘म’ म्हणताना ओठ पूर्ण मिटतात. ते पुरते न मिटता मधून हवा जाऊ दिली की ‘व’सारखा ध्वनी निघतो. गेलिकच्या 18 अक्षरांत ‘व्ही’ नाही, म्हणून मूळ ‘एम’ कायम ठेवून त्याला ‘एच’ जोडतात. त्यामुळे कानाला ‘व’ ऐकू आला, तरी डोळ्यांना ‘मोर’ हा मूळ शब्द दिसत राहतो. ‘बी’ला ‘एच’ जोडला तरी ‘व’च होतो, ‘टी’ला जोडला तर ‘ह’, आणि ‘एफ’ला जोडला तर बहुधा काहीच ऐकू येत नाही. पिटलॉक्री या गावाजवळच्या ‘बेन व्रॅकी’ या डोंगराचे नाव इंग्रजीत कानाने ऐकून ‘व्ही’ने लिहिले गेले आणि त्यातला ठिपकेदार या अर्थाचा ‘बी’ने सुरू होणारा शब्द दिसेनासा झाला.

दुसरा नियम मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ सावकाश म्हणून पाहावे: अक्षर तेच, पण पुढे ‘ई’ येताच ‘झ’ टाळूकडे सरकतो. गेलिकमध्येही ‘ई’ किंवा ‘आय’ या रोमन स्वराक्षरांशेजारचा ‘डी’ असाच सरकून ‘ज’जवळ जातो, म्हणून तांबडा या अर्थाचा ‘डी-ई-ए-आर-जी’ हा शब्द ‘जेरक’ असा ऐकू येतो. ‘बेन’ स्त्रीलिंगी असूनही ‘बेन जेरक’मध्ये ‘एच’ येत नाही, कारण ‘एन’ आणि ‘डी’ या दोन्ही दंत्य ध्वनींची गाठ पडली की ‘एच’ने दाखवले जाणारे हे मृदू होणे अडते. ‘जेरक’मधला लिहिला न जाणारा दुसरा स्वर ‘धर्म’चा ‘धरम’ होतो तसा आला आहे, आणि गेलिकचे अभ्यासकही त्याला ‘स्वरभक्ती’ हाच संस्कृत शब्द वापरतात.

शिहॅलियन या 1083 मीटर उंच डोंगराच्या नावाचा अर्थ ‘कॅलिडोनियन (म्हणजे स्कॉटलंडमधल्या प्राचीन) लोकांचा पऱ्यांचा डोंगर’ असा सांगतात. पर्यटकांना पऱ्यांच्याच गोष्टी ऐकवल्या जातात. पण 1774 मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी याच डोंगराच्या आकर्षणाने ओळंबा उभ्या रेषेपासून किती ढळतो हे मोजले आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढता आली, ही गोष्ट मला पऱ्यांहून अद्भुत वाटते.

टे सरोवराच्या उत्तरेला ‘म्याल नान तारमाखन’ हा डोंगर आहे. ‘तारमाखन’ म्हणजे हिवाळ्यात पांढरा होणारा एक रानपक्षी. इंग्रजीने हा शब्द ‘टार्मिगन’ असा उचलला आणि पंख या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी त्याचे नाते असल्याच्या चुकीच्या समजुतीतून त्याच्या आरंभी एक ‘पी’ चिकटवला. तो कुणी उच्चारत नाही, आणि गेलिक नावात तो कधी नव्हताच.