लक्सो ज्युनियर : कथाबीज आणि घडण

‘लक्सो ज्युनियर’ हा पिक्सार या अमेरिकी कंपनीने १९८६ मध्ये तयार केलेला, जेमतेम दोन मिनिटांचा संगणकीय ॲनिमेशन लघुपट. दिग्दर्शक जॉन लॅसेटर. एक मोठा टेबललॅम्प, एक छोटा टेबललॅम्प आणि चेंडू एवढीच पात्रे. छोटा लॅम्प चेंडूवर चढून उड्या मारतो, चेंडूतली हवा जाते, आणि तो मान खाली घालून निघून जातो. पण थोड्याच वेळात त्याहून मोठा चेंडू घेऊन परततो. संवाद एकही नाही, चेहरे नाहीत, कॅमेरा जागचा हलत नाही. तरीही हे लेकरू आहे, हे पहिल्या उडीतच कळते.

कथेचे बीज अगदी हाताशी होते. संगणकावर वस्तूची प्रतिकृती रचायला शिकताना लॅसेटर यांनी नमुना म्हणून स्वतःच्या टेबलावरचा, लक्सो या छापाचा लॅम्प घेतला. ही निवड सोयीची होती तशीच भाग्याचीही. या जातीच्या लॅम्पचे मूळ ब्रिटिश अभियंता जॉर्ज कारवर्डाइन यांच्या स्प्रिंगवर तोललेल्या दिव्यात आहे (१९३२). नॉर्वेच्या याक याकोबसेन यांनी त्यावरून १९३७ मध्ये लक्सोचा लॅम्प बाजारात आणला. स्प्रिंगांच्या ताणामुळे त्याचा दांडा जिथे सोडावा तिथे ठरतो. कोपर, मान, डोके हे सारे त्या रचनेत आधीपासूनच होते.

छोट्या लॅम्पची कल्पना मात्र एका तान्ह्या मुलामुळे सुचली. एक सहकारी आपल्या बाळाला कचेरीत घेऊन आला. धडाच्या मानाने डोके केवढे मोठे आणि हातपाय किती आखूड, हे पाहून लॅसेटर यांच्या मनात आले, लॅम्प लहान मूल असता तर कसा दिसला असता? मूल म्हणजे आकाराने लहान केलेला मोठा माणूस नव्हे, ही जाण या लघुपटाचा खरा पाया आहे. म्हणून मोठा लॅम्प सरसकट लहान केला नाही. बल्बवरची टोपी लहान केली, दांडे आखूड केले. स्प्रिंगांची लांबी कमी झाली, जाडी मात्र तीच राहिली. बल्ब तर मोठ्या लॅम्पचाच, कारण बल्ब दुकानातून विकत आणतात. तो लॅम्पबरोबर वाढत नाही. हा तपशील प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, पण छोट्याचे बाळपण त्यातूनच उभे राहते.

सुरुवातीला हा नुसता हालचालींचा प्रयोग होता. त्याचे काही तुकडे पाहून बेल्जियन ॲनिमेशनकार राऊल सेर्वे यांनी लॅसेटर यांना बजावले, की चित्रपट कितीही छोटा असो, त्याला आरंभ, मध्य आणि शेवट हवाच. चेंडूतली हवा जाण्याची घटना या सल्ल्याला दिलेले उत्तर म्हणता येईल.

हालचालींमागे हाताने काढलेल्या ॲनिमेशनची परंपरा आहे. लॅसेटर डिस्नेच्या तालमीत घडले होते. हाताने काढलेली पात्रे उडी मारताना दबतात आणि ताणली जातात. लॅम्प धातूचा, तो दबत-ताणत नाही. म्हणून उडीपूर्वी सांधे मिटवून आणि उडीत उलगडून तोच परिणाम साधला. छोट्याच्या हालचाली चपळ, मोठ्याच्या संथ.

ऑगस्ट १९८६ मध्ये डॅलस येथे सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत लघुपट दाखवला गेला. दोन्ही लॅम्प एकमेकांवर आणि स्वतःवरही सावल्या टाकतात, हे त्या काळी नवल होते. त्यामुळे संगणकतज्ज्ञ जिम ब्लिन प्रश्न घेऊन आले, तेव्हा तो सावल्यांच्या गणिताविषयी असेल अशी लॅसेटर यांची अटकळ होती. ब्लिन यांनी विचारले, मोठा लॅम्प आई आहे की वडील? पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, लॅसेटर यांनी त्याच परिषदेत मांडलेल्या निबंधात मोठ्या लॅम्पला ‘डॅड’ म्हटले आहे.