आईचं घर फिरलं, अण्णांची भाजी बेचव झाली

मागच्या वर्षी मार्चमधली गोष्ट. पहाटे आई अंथरुणात उजव्या कुशीवर वळली आणि एकदम ओरडली, "आरं धर मला, घर फिरायलंय." लाईट लावला तर तिनं दोन्ही हातांनी गादी घट्ट धरलेली, डोळे गच्च मिटलेले. अर्ध्या मिनिटात थांबलं, परत आडवी झाली की परत तेच. मग आमच्याकडं जे होतं ते सगळं झालं, बीपी बघितला, शुगर बघितली, शेजारच्या काकू म्हणाल्या पित्त चढलंय लिंबूपाणी द्या, एका दवाखान्यातल्या चक्करच्या गोळ्या महिनाभर खाल्ल्या, त्यानं दिवसभर झोप यायची आणि घर काही फिरायचं थांबेना. शेवटी परभणीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आईला टेबलावर बसवलं, मान उजवीकडं वळवली, झटकन आडवं केलं, डोकं कडेखाली लोंबतं ठेवलं आणि मला म्हणाले, "आता यांचे डोळे बघा." आईची बुबुळं आपोआप झटके देत फिरायलेली. मी तर घाबरलोच.

बिघाड डोळ्यात नव्हता, डोक्यातही नव्हता, कानात होता. आपल्या आतल्या कानात तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात, आणि त्यात पाण्यासारखा द्रव. पाण्यानं भरलेली बादली गर्रकन फिरवली तर बादली आधी फिरते आणि पाणी मागं राहतं ना, तसंच इथं. डोकं वळलं की द्रव मागं राहतो, तो आतल्या पेशींच्या केसासारख्या तंतूंना वाकवतो आणि त्या पेशी मेंदूला कळवतात की डोकं या बाजूला फिरलं. शेजारीच एक छोटी पिशवी असते, तिच्यात चुनखडीचे अगदी बारीक स्फटिक चिकटलेले, वर कुठं आणि खाली कुठं हे त्यांच्या वजनावरून कळतं. वय झालं की किंवा डोक्याला मार बसला की त्यातले काही सुटतात आणि नळीत घरंगळतात. आईचं हेच झालेलं. कुशीवर वळली की कण सरकायचे, द्रव ओढला जायचा, आणि उजवा कान मेंदूला ओरडून सांगायचा फिरतंय फिरतंय, डावा कान म्हणायचा नाही, पाठीखालची गादी म्हणायची आपण पडून आहोत. मेंदू या सगळ्यांच्या साक्षी जुळवूनच आपल्याला तोल देतो, साक्षी जुळल्या नाहीत की गरगर आणि मळमळ.

डोळे का फडफडले तेही सांगतो. कानातून डोळ्यांच्या स्नायूंकडं अगदी जवळचा रस्ता आहे, डोकं उजवीकडं गेलं की डोळे तेवढेच डावीकडं जातात, म्हणून खड्ड्याखड्ड्यातून एसटी चालली तरी बाहेरची पाटी वाचता येते. मोबाईल हातात धरून करून बघा, फोन स्थिर ठेवून मान भराभर हलवा, अक्षरं वाचता येतात, पण मान स्थिर ठेवून फोन तेवढाच हलवला की काही वाचता येत नाही. रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरांनी कानात गार आणि कोमट पाणी सोडून डोळे कसे हलतात ते बघितलं आणि कान-तोल-डोळे यांचं नातं उलगडलं, त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, ते जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

डॉक्टरांनी आईची मान ठरलेल्या क्रमानं वळवत ते कण नळीतून बाहेर घालवले, जॉन एप्ली यांनी १९८० च्या आसपास बसवलेली पद्धत आहे ही. दहा मिनिटं पण लागली नाहीत. ज्यांच्या घरी असं होतं त्यांनी हे डॉक्टरांकडूनच करून घ्या, आणि चक्करसोबत बोलणं अडखळलं, हात लुळा पडला किंवा एकाचे दोन दिसले तर एक मिनिट न थांबता मोठा दवाखाना गाठा, ते कानाचं नसतं.

ऐकायच्या पेशीही अशाच केसवाल्या, त्याच हाडात शेजारी, शंखासारख्या वळलेल्या नळीत. तिच्या एका टोकाला बारीक आवाज, दुसऱ्या टोकाला जाड. रात्री जागलीला बसलेल्या माणसाला रानडुक्कर कुठल्या बाजूनं ज्वारीत घुसलं ते अंधारात बरोबर कळतं, कारण एका कानापासून दुसऱ्यापर्यंत आवाजाला जास्तीत जास्त ०.६ मिलीसेकंद उशीर होतो आणि मेंदू तेवढाही फरक पकडतो. एका कानात या पेशी साधारण १५,००० असतात, बस्स. मेल्या की परत येत नाहीत. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर लेकरांना खांद्यावर घेऊन नाचतात ना, ते बघून माझा जीव तुटतो.

आता दुखणं. आई तव्यावर भाकरी उलटताना चटका बसला की हात आधी मागं येतो, तो निर्णय पाठीच्या कण्यातच होतो. मग कळ येते टोचल्यासारखी, आणि थोड्या वेळानं दुसरी, जळजळीत, लवकर न जाणारी. दुखण्याचा निरोप नेणारी तार, म्हणजे नस, दोन प्रकारची आहे, एकीतून निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर धावतो, दुसरीतून जेमतेम एक मीटर, चालत आल्यासारखा. लागलं की आपण चोळतो, त्यालाही कारण आहे, स्पर्शाचे निरोप कण्यातच दुखण्याच्या निरोपाला अडवतात, मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हे मांडलं.

आणि तिखट ही चवच नाही हो, ते दुखणंच आहे! चवी पाच, गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मटणाच्या रश्श्यात लागते तशी. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या दारावर टकटक करतं ते दार खरं तर साधारण ४३ अंशाच्या वरच्या उष्णतेसाठी आहे, म्हणून मेंदूला वाटतं तोंड भाजलं, घाम फुटतो, नाक गळतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हे दार शोधलं, आणि २०२१ चं नोबेल त्यांना आणि स्पर्शाचं दार शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना मिळून मिळालं. पोपट मिरच्या कचाकचा खातो कारण पाखरांचं हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आपल्याकडं ठेच्यावर करडईचं कच्चं तेल घेतात ते त्याच्यावर किती बरोबर बसतं बघा. पाणी पिऊन काही होत नाही, दही खा.

तिखट आणि चव वेगळी, हे मला खरं पटलं ते अण्णांमुळं. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांना कोरोना झाला, बरे झाले, पण जेवायला बसले की ताट सरकवायचे. "मीठ कळायलंय, तिखट झोंबायलंय, पण हे वांगं हाय का बेसन ते कळंना." जीभ चांगली होती, गेलं होतं नाक. वांग्याचं वांगेपण घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासात असतं. नाकाच्या छताला वास पकडणारी साधारण ४०० प्रकारची दारं असतात, कोणती कोणती एकदम उघडली यावरून मेंदू वास ओळखतो. बाकीचे निरोप आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात, वास मात्र सरळ आठवण आणि भावना सांभाळणाऱ्या भागाच्या दारात जातो. कोरोनाचा विषाणू मुख्यतः वासाच्या पेशींना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींवर बसायचा. आणि वासाच्या पेशी, कानातल्यांसारख्या नाहीत, जन्मभर नव्या उगवत राहतात.

अण्णांना आठ-नऊ महिने लागले. जानेवारीत शेतात हुरडा केला, गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं खुपसली. अण्णा बांधावर पाठ करून बसलेले, कुणी काही बोललं नव्हतं. तिथूनच ओरडले, "आरं करपायलंय ते, काढ की!"