चुळबुळ आणि भिडस्तपणा: दोन निदानांची उशिरा पडलेली गाठ

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेला विद्यार्थी म्हटले की बाकावर स्वस्थ न बसणारा, दुसऱ्याचे वाक्य तोडून मध्येच बोलणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. सामाजिक चिंतेने, म्हणजे लोक आपल्याला पाहतील, हसतील या तीव्र भीतीने, ग्रासलेला विद्यार्थी म्हटले की मागच्या रांगेत अंग चोरून बसलेला. या दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्यात असू शकतात, हे मानसोपचाराच्या क्षेत्राला उशिरा उमगले. त्याचे कारण बऱ्याच अंशी या दोन निदानांच्या इतिहासात सापडते.

एडीएचडीचा इतिहास हा मुख्यतः मोठ्यांना त्रासदायक वाटणाऱ्या मुलांचा इतिहास आहे. जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत ४३ मुलांचे वर्णन केले आणि त्यांच्या वागण्याचा उगम ‘नैतिक नियंत्रणाच्या अभावात’ शोधला. १९३७ मध्ये अमेरिकी डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांना बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाने अशा काही मुलांचे वर्तन आणि अभ्यास सुधारल्याचे आढळले. १९६८ मधील अमेरिकी निदानपुस्तिकेच्या, म्हणजे ‘डीएसएम’च्या, दुसऱ्या आवृत्तीतही भर अतिचंचलतेवरच होता. खरी अडचण लक्ष टिकवण्याची आणि आवेग आवरण्याची आहे, हे मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ठामपणे मांडले, आणि १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लक्ष’ हा शब्द निदानाच्या नावात आला. गाजावाजा न करता स्वतःतच हरवलेल्या मुलांना त्यामुळे प्रथमच या निदानात जागा मिळाली.

सामाजिक चिंतेची वाट निराळी होती. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच लोकांसमोर बोलण्याच्या वा लिहिण्याच्या भीतीचे वर्णन केले होते; पण इतर भयगंडांपासून ती वेगळी काढण्याचे श्रेय आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांच्या १९६६ मधील कामाला जाते. ‘सोशल फोबिया’ (सामाजिक भयगंड, म्हणजे सामाजिक चिंतेचे तेव्हाचे नाव) हे निदान १९८० च्या त्याच आवृत्तीत दाखल झाले, पण पुस्तिकेतले प्रकरण वेगळे होते, रुग्ण बहुतांशी प्रौढ होते आणि तपासणारे तज्ज्ञही वेगळे होते. पुढे पाचच वर्षांनी मायकेल लीबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा विकार दुर्लक्षित असल्याचे लिहावे लागले. भिडस्त मूल कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याला कुणी डॉक्टरांकडे नेत नाही, इतके साधे कारणही या दुर्लक्षामागे असावे.

त्यात सिद्धान्ताची भर पडली. मानसशास्त्रज्ञ जेफ्री ग्रे यांच्या मांडणीनुसार मेंदूतील वर्तनाला लगाम घालणारी यंत्रणा अतिसक्रिय झाली की चिंता उद्भवते. हर्बर्ट क्वे यांनी हाच विचार एडीएचडीला लावून तिथे ही यंत्रणा दुबळी असल्याचे सुचवले. मग एकाच मुलात लगाम घट्ट आणि सैल दोन्ही कसा असेल? कागदावर हा प्रश्न बिनतोड वाटतो. शिवाय लक्षणांचा उलगडा चिंताविकारासारख्या अन्य विकाराने अधिक चांगला होत असल्यास एडीएचडीचे निदान करू नये, अशी अट १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत होती. अट स्वतःत रास्त होती, पण दोहोंपैकी एकच निवडण्याच्या सवयीला तिने बळ दिले असणार.

प्रत्यक्ष पाहण्यांनी मात्र हा विरोध टिकू दिला नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एडीएचडी असलेल्या ५७९ मुलांवरील उपचारांची तुलना करणाऱ्या ‘एमटीए’ या मोठ्या अमेरिकी चाचणीत सुमारे एक तृतीयांश मुलांना चिंताविकारही होता, आणि अशा मुलांना वर्तनोपचाराचा फायदा इतरांपेक्षा ठळकपणे झाला. २००६ मध्ये रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत एडीएचडी असलेल्या अमेरिकी प्रौढांपैकी सुमारे २९ टक्क्यांमध्ये सामाजिक भयगंड आढळला.

या जोडीत कार्यकारणाचा एक धागा बऱ्याच विद्यार्थ्यांबाबत दिसतो. ड्रू एर्हार्ट आणि स्टीफन हिनशॉ यांनी १९९४ मध्ये उन्हाळी शिबिरात एकमेकांना अनोळखी मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा एडीएचडी असलेली मुले पहिल्या दिवसअखेरीसच सवंगड्यांना नकोशी झाली होती. असे नकार, ओरडा आणि हसे वर्षानुवर्षे वाट्याला येत राहिले की माणसांत जाण्याचीच धास्ती बसू शकते. सामाजिक चिंता बहुधा किशोरवयात सुरू होते, तोवर या अनुभवांचा मोठा साठा झालेला असतो. अशा विद्यार्थ्याची भीती निव्वळ कल्पित नसते, आणि उपचार करणाऱ्याने हे विसरता कामा नये.

तोंडी परीक्षेत प्रश्न ऐकून गप्प उभी राहिलेली विद्यार्थिनी घ्या. प्रश्न अर्धवट ऐकू आला, की परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर विसरले? एकटीने वाचतानाही लक्ष उडत असेल आणि हे बारा वर्षांच्या आतले जुने दुखणे असेल, तर एडीएचडीची शक्यता वाढते. कुणी पाहत असतानाच गाडी अडत असेल, तर चिंतेची. दोन्ही असतील तर गुंता अधिक. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांच्या १९९५ च्या प्रतिमानानुसार सामाजिक चिंतेत लक्ष स्वतःच्या दिसण्या-बोलण्याकडे वळते, म्हणजे आधीच तुटपुंजे असलेले लक्ष आणखी वाटले जाते.

उपचारांवर या इतिहासाची छाप अजून दिसते. सामाजिक चिंतेवरील बोधात्मक वर्तनोपचारात (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारात) भीती वाटणाऱ्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे जाण्याचा गृहपाठ असतो, आणि गृहपाठ विसरणे हेच एडीएचडीचे लक्षण आहे. न झालेल्या गृहपाठाला टाळाटाळ समजले, तर विद्यार्थ्याच्या अपयशाच्या यादीत उपचारांचीही भर पडते. म्हणून सत्रे आटोपशीर ठेवणे, एका आठवड्याला एकच छोटे काम देणे, ते लिहून देऊन फोनवर आठवण लावणे असे बदल करावे लागतात. केवळ संवादकौशल्ये शिकवून फारसे साधत नाही, कारण काय करावे हे या मुलांना पुष्कळदा ठाऊक असते. ऐन वेळी ते हातून होत नाही. औषधांबाबत पूर्वी उत्तेजकांनी चिंता वाढेल अशी सरसकट भीती होती. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांनी ती बरीच कमी केली आहे, तरी छातीत धडधड झाली की तिलाच घबराट समजणारे विद्यार्थी असतात आणि त्यांना याची पूर्वकल्पना द्यावी लागते. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध दोन्ही विकार असलेल्या प्रौढांमध्ये तपासले गेले असून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोहोंच्या लक्षणांत सुधारणा दिसली. आधी कशावर उपचार करायचा, हे मात्र त्या विद्यार्थ्याचे शिक्षण सध्या कशामुळे अधिक अडले आहे, यावरच ठरवावे लागते.