लिटल मोरटन हॉल एवढा वाकडा कसा झाला

इंग्लंडमधे चेशायरला काँगल्टन गावाजवळ लिटल मोरटन हॉल आहे, चारी बाजूंनी खंदक आणि मधे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं वाकडंतिकडं घर, फोटो पहिल्यांदा बघितला तर वाटतं हे आत्ता पडेल. पण पाचशे वर्षं झाली, उभं आहे.

पहिलं काम १५०४ ते १५०८ च्या सुमारास विल्यम मोरटनने केलं आणि मग साधारण १६१० पर्यंत पुढच्या पिढ्या त्यात भर घालत राहिल्या, म्हणजे एका नकाशावर बांधलेलं हे घर नाहीच. सगळा भार ओकच्या सांगाड्यावर. एका लाकडाचं टोक कोरून दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, आरपार लाकडी खुंटी ठोकायची, आणि मधल्या चौकटी कामट्या विणून वर मातीचा गिलावा देऊन भरायच्या, आपल्या कुडाच्या भिंतीसारख्याच. ओक ओला असतानाच कापायचे कारण वाळल्यावर तो दगडासारखा कडक होतो, पण वाळताना पिळवटतो पण, त्यामुळे अशी घरं थोडीफार हलतातच.

इथे मात्र खरा घोळ लाँग गॅलरीने केला. दक्षिणेची बाजू १५६० नंतर बांधायला घेतली आणि तिच्या डोक्यावर ही ६८ फूट लांब गॅलरी चढवली, पावसाळी हवेत आतल्या आत फेऱ्या मारायला, खेळायला (तिथल्या भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे जुने टेनिसचे चेंडू सापडलेत!). वर छप्पर जड दगडी फरश्यांचं. त्या वजनाने खालचे मजले वाकले, फुगले, तोच आज दिसणारा वाकडेपणा.

मला सगळ्यात आवडतात त्या अंगणातल्या खिडक्या. १५५९ मधे घराण्यातल्याच दुसऱ्या विल्यमने त्या करून घेतल्या आणि लाकडावर मालकाच्या नावाबरोबर सुताराचंही नाव कोरलंय, रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या असं. स्पेलिंग पार गंडलेलं आहे, पण त्या काळातल्या किती कारागिरांची नावं आपल्याला माहीत आहेत हो?

मग राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध आलं, मोरटन घराणं राजाच्या बाजूचं, १६४३ ला घर पार्लमेंटवाल्यांनी ताब्यात घेतलं आणि घराण्याची परिस्थिती ढासळली ती कायमचीच. घर भाड्याने शेतकऱ्यांकडे गेलं. माझ्या मते घर वाचलं ते यामुळेच, पैसा असता तर इतर जमीनदारांसारखं यांनी पण जुनं पाडून विटांचं नवीन बांधलं असतं. १८९२ मधे ते एलिझाबेथ मोरटनकडे आलं, ती ख्रिस्ती जोगीण (नन) होती, तिने डागडुजी सुरू केली, आणि जाताना घर कधीच विकायचं नाही अशी अट घालून एका नातलगाला दिलं. त्याने १९३८ ला नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, स्वाधीन केलं.

आणि हो, तो काळा रंग मूळचा नाही, एकोणिसाव्या शतकातल्या, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लोकांची हौस ती, आधी ओक तसाच करडा-रुपेरी असायचा. म्हणून १९७७ नंतरच्या दुरुस्तीत जी नवीन लाकडं बसवली ती न रंगवता तशीच ठेवलीत.