‘फॉरमॅट मारू का?’ या प्रश्नामागची पार्श्वभूमी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून घरच्या कॉम्प्युटरसाठी ऑनलाइन मदत मागणाऱ्यांमध्ये एक जुना प्रश्न परत दिसायला लागलाय. मशीन स्लो झालंय, फॉरमॅट मारू का? खाली लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बिनधास्त मार, नव्यासारखं पळेल, आणि दुसरी म्हणते आधी थांब, हात लावू नकोस. दोघं तावातावाने भांडतात आणि बरेचदा दोघांच्या डोक्यातला ‘फॉरमॅट’ वेगळाच असतो. हा घोळ आत्ताचा नाही, वीसेक वर्षांपासून चालत आलाय आणि त्याची मुळं बरीचशी विंडोज एक्सपीच्या काळात आहेत, म्हणून जास्त वेळ तिथेच थांबतो.

त्याआधीचं थोडक्यात. अनोळखी माणसांनी एकमेकांची मशीनं दुरुस्त करून द्यायची ही पद्धत वेबच्याही आधीची, युजनेट नावाच्या चर्चागटांच्या जाळ्यावर १९८० च्या दशकात ती चालू होती. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, आणि ते घरात येऊन मुरायला आणखी पाच-सात वर्षं गेली. घरचा कॉम्प्युटर म्हणजे बहुतेकांचा असेंबल्ड, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर गावातल्याच ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडून जोडून घेतलेला. बरोबर ओरिजनल सीडी नाही, मॅन्युअल नाही, काही झालं की त्यालाच फोन. तो ‘संध्याकाळी येतो’ म्हणायचा आणि परवा यायचा.

ऑनलाइन मदतीतली मूळ अडचण पण तेव्हाच कळून चुकली होती, की ज्या मशीनवरून विचारायचं तेच मशीन बंद असतं. २६ एप्रिल १९९९ ला चेर्नोबिल व्हायरस उठला तेव्हा विंडोज ९५ आणि ९८ च्या हार्डडिस्कची सुरुवातच पुसली गेली, काही मदरबोर्डांचा तर बायोस (मशीन उठवणारा आतला प्रोग्रॅम) सुद्धा गेला, म्हणजे बटण दाबलं तरी समोर काळोख. मग सायबर कॅफेत जायचं, तासाचे पैसे देऊन प्रश्न टाकायचा, दुसऱ्या दिवशी परत जाऊन उत्तर वहीत उतरवून घ्यायचं. माझ्याकडे अशी एक वही होती, एका पानावर बायोसच्या बीपचे अर्थ आणि मागच्या पानावर दुधाचा हिशोब.

खरी शाळा भरली ऑगस्ट २००३ मध्ये, नेटवरून आपोआप शिरणारा ब्लास्टर व्हायरस आला तेव्हा. नेट जोडलं की दोन मिनिटांत स्क्रीनवर चौकट यायची, सिस्टिम बंद होतेय, ६० सेकंद उरलेत, आणि आकडा खाली खाली जायचा. तो ज्या भोकातून शिरायचा ते बुजवणारा पॅच आधीच, १६ जुलैला, आला होता पण तो घेतलाय कोणी. आता पॅच घ्यायचा तर नेट पाहिजे आणि नेट जोडलं की मशीन बंद, असा तिढा. त्यावर तोंडोतोंडी पसरलेला उपाय म्हणजे स्टार्ट, रन, आणि तिथे शटडाऊन -ए टाईप करायचं की उलटी मोजणी थांबते. ६० सेकंदांच्या आत टाईप करायचं असल्यामुळे लोकांनी मॉनिटरला चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. आणि ज्यांनी वैतागून फॉरमॅट मारला त्यांची तर अजून मजा, कारण जुन्या सीडीवरची एक्सपी टाकली की भोक जसंच्या तसं परत यायचं. एक्सपीत फायरवॉल होती पण मुळात बंद ठेवलेली असायची, त्यामुळे नवीकोरी विंडोज नेटला लावल्यावर चहा होईपर्यंत परत लागण. क्रम महत्त्वाचा आहे, आधी फायरवॉल चालू, मग वायर, मग पॅच, हे तेव्हा लोकांना कळलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल आपोआप चालू व्हायला लागली. फक्त तो २६६ एमबीचा होता. ५६ केच्या डायलअपवर पूर्ण स्पीड मिळाला असं धरलं (कधीच मिळत नसे) तरी सलग १० तासांच्या वर, तेवढा वेळ घरचा फोन एंगेज आणि आत्याचा फोन लागत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी भांडण.

आता मुख्य मुद्दा, हा ‘फॉरमॅट’ शब्द.

विंडोज ९८ पर्यंत तो सरळ होता. फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं, काळ्या स्क्रीनवर खरंच फॉरमॅट सी असं टाईप करायचं, मग सेटअप. म्हणजे डिस्क पुसणं आणि विंडोज टाकणं ही दोन कामं डोळ्यांना वेगळी दिसायची. एक्सपीच्या सीडीने दोन्ही एकाच ओघात आणली आणि बोलताना दोन्हीला मिळून ‘फॉरमॅट मारला’ झालं. मारणे हे आपलं क्रियापदच तसं आहे, झेरॉक्स मारतो, प्रिंट मारतो, चक्कर मारतो, तसा फॉरमॅट. पाच मिनिटांचं काम असल्यासारखं वाटतं ते या ‘मारण्या’मुळेच असा माझा जुना संशय आहे.

पण त्या एका शब्दाखाली निदान तीन-चार वेगळ्या गोष्टी होत्या. नुसता सी ड्राइव्ह पुसून विंडोज टाकणं ही एक, सगळी पार्टिशनं उडवून कोरी पाटी करणं ही दुसरी, आणि काहीच न पुसता वरून विंडोज दुरुस्त करणं, म्हणजे रिपेअर, ही तिसरी. हे रिपेअर एक्सपीच्या सीडीत होतंच पण लपल्यासारखं. पहिल्या स्क्रीनवर आर दाबलं की रिकव्हरी कन्सोल, म्हणजे कमांड टाईप करायची काळी स्क्रीन, उघडायचा, तो नको असायचा. तिथे एंटर मारून, एफ८ ने अटी मान्य करून, पुढच्या स्क्रीनवर आर दाबायचं, ते खरं रिपेअर. एवढ्या एका ‘कुठला आर’ वरून किती जणांचा डेटा गेला असेल देव जाणे. शिवाय हार्डवेअरवाला कधीकधी ‘लो लेव्हल फॉरमॅट मारतो’ म्हणायचा. आयडीई, म्हणजे तेव्हाच्या घरगुती, डिस्कचा खरा लो लेव्हल फॉरमॅट कारखान्यातच होतो, घरी होत नाही. तो जे करायचा ते डिस्कवर शून्यं लिहिणं. ऐकायला मात्र मोठ्या ऑपरेशनसारखं वाटायचं.

आणि आपली सी-डी-ई ची रूढी. सी मध्ये विंडोज, डी मध्ये डेटा, ई मध्ये गाणी-पिक्चर, असे भाग प्रत्येक असेंबल्ड मशीनला करून मिळायचे. ‘काळजी नको, फक्त सी उडवतो’ हे वाक्य त्यातूनच आलं. वाक्य खरं होतं, पण लोकांच्या फाइल्स असायच्या डेस्कटॉपवर आणि माय डॉक्युमेंट्समध्ये, आणि ते दोन्ही सी मध्येच. लग्नाचे फोटो, बायोडेटा, सोसायटीचा हिशोब, सगळं डेस्कटॉपवर. ‘मी सी मध्ये काही ठेवलंच नव्हतं’ म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी डझनाने बघितली आहेत.

उलट बाजूने बघायचं तर फक्त सी उडवून व्हायरससुद्धा जात नसे. २००६ ते २०१० हा पेन ड्राइव्हचा काळ, कॉलेजातून, झेरॉक्सच्या दुकानातून, फोटो स्टुडिओतून व्हायरस यायचे. प्रत्येक ड्राइव्हवर ऑटोरनची, म्हणजे ड्राइव्ह उघडला की व्हायरस आपोआप चालवणारी, एक लपलेली फाइल बसायची. फोल्डर ऑप्शन्स गायब, टास्क मॅनेजर उघडला तर ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलाय असा निरोप, आणि घरात ॲडमिनिस्ट्रेटर तर आपणच. मग सी फॉरमॅट, नवी विंडोज, सगळं चकाचक, आणि गाणी लावायला म्हणून डी वर डबल क्लिक केलं की परत पहिल्यापासून. उपाय एवढाच होता की डबल क्लिक न करता ॲड्रेस बारमध्ये डी कोलन टाईप करून आत शिरायचं आणि ती फाइल आधी उडवायची. पेन ड्राइव्हवरची फोल्डरं शॉर्टकट झाली तर लपवलेली फोल्डरं परत दाखवणारी ॲट्रिबची कमांड, ती तर लोकांना पाढ्यासारखी पाठ होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीने पेन ड्राइव्हचं ऑटोरन विंडोज ७ मध्ये बंद केलं आणि एक्सपी-व्हिस्टाला आपोआप अपडेटमधून २०११ च्या फेब्रुवारीत. कोट्यवधी पेन ड्राइव्ह फिरून झाल्यावर.

याच काळात ऑनलाइन मदत करणाऱ्यांमध्ये फॉरमॅटच्या विरोधात एक पंथ तयार झाला, त्याला मी लॉगवाले म्हणतो. एका डच विद्यार्थ्याने बनवलेलं छोटं टूल होतं, ते चालवलं की मशीनमध्ये काय काय आपोआप सुरू होतं याची यादी, म्हणजे लॉग, निघायची. आर० म्हणजे ब्राउझरचं पहिलं पान, ओ२ म्हणजे ब्राउझरला चिकटलेली प्लगिनं, ओ४ म्हणजे स्टार्टअप, ओ२३ म्हणजे सर्व्हिसेस. ती यादी तुम्ही टाकायची, तिकडचा जाणकार ओळ न् ओळ वाचून सांगणार, या चार ओळींना टिक कर, ही फाइल सेफ मोडमध्ये उडव. शिस्त कडक होती. यादी वाचायला शिकलेल्यांनीच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, त्यासाठी रीतसर शिकवणी असायची. आणि ते बरोबरच होतं, कारण चुकीच्या ओळीला टिक केलं तर मशीनच उठायचं नाही.

तर हे लॉगवाले फॉरमॅट सुचवणाऱ्यांना अडाणी समजायचे. माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या पद्धतीत तीन-चार दिवस फेऱ्या चालायच्या, प्रत्येक फेरीला नवं टूल डाउनलोड, आणि ज्याच्याकडे मिनिटावर मोजलं जाणारं नेट आहे, ज्याची विंडोजच चोरीची आहे म्हणून तो अपडेटच्या वाटेला जात नाही, त्याला ही चैन परवडणारी नव्हती. कित्येक ठिकाणी चोरीची विंडोज दिसली की मदतच बंद असा नियम होता, त्यात आपल्याकडची निम्मी जनता दारातच अडकायची. हार्डवेअरवाला ३०० रुपयांत दोन तासांत मशीन चालू करून द्यायचा. शिवाय सॅलिटी, व्हिरुट असले व्हायरस आले, जे प्रत्येक ईएक्सई फाइलमध्ये शिरायचे, तेव्हा लॉगवाल्यांनीच हात टेकले. व्हिरुट आहे म्हटल्यावर तेच सांगायचे, साफ करत बसू नका, सगळं उडवा आणि डी मधल्या सेटअपच्या फाइल्ससुद्धा ठेवू नका. म्हणजे भांडण फॉरमॅट करावा की नाही हे नव्हतंच, कशासाठी आणि कुठला, हे होतं.

एक भानगड खास आपली. फॉरमॅट झाल्यावर मराठी साइट उघडली की अक्षरांच्या जागी डबे. एक्सपीत देवनागरीची सोय मुळात चालू नसायची, रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या ओळीला टिक करायची, आणि मग ते सीडी मागायचं. सीडी तर हार्डवेअरवाल्याकडे. मराठीत मदत मागायला आलेला माणूस म्हणूनच पहिला प्रश्न रोमन लिपीत विचारायचा.

व्हिस्टा आली २००७ ला आणि तिने एक गुपचूप बदल केला ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. एक्सपीपर्यंत क्विक फॉरमॅट असो की फुल, आतला डेटा बराचसा जागेवरच राहायचा, फुलमध्ये फक्त खराब सेक्टर तपासले जायचे. त्यामुळे चुकून फॉरमॅट झाला तरी रिकव्हरीच्या टूलने फोटो परत यायचे. व्हिस्टापासून फुल फॉरमॅट खरोखर शून्यं लिहायला लागला. जुना सल्ला मात्र तसाच फिरत राहिला, ‘मार रे, परत काढता येतं’. पुढे एसएसडी, म्हणजे चिपवाल्या डिस्क, आल्या, त्यात ट्रिममुळे (पुसलेली जागा डिस्क स्वतःच रिकामी करते) क्विक फॉरमॅटनंतरही सहसा काही हाती लागत नाही. सल्ला अजून फिरतोय.

मधल्या काळात कंपनीनेच दुरुस्ती आत आणून ठेवली. विंडोज ८ मध्ये, २०१२ ला, रिफ्रेश आणि रीसेट अशी दोन बटणं आली आणि विंडोज १० मध्ये दोन्हींचं मिळून ‘रीसेट’ झालं, आत गेल्यावर फाइल्स ठेवायच्या की सगळं काढायचं असं विचारतं. पहिला पर्याय निवडला तरी टाकलेली सॉफ्टवेअर जातातच, हे कोणी नीट वाचत नाही, मग टॅली गेलं, प्रिंटरचा ड्रायव्हर गेला म्हणून बोंब. हार्डवेअरच्या बाबतीत मात्र जग फार बदललेलं नाही. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत लावा हा सल्ला डेस्कटॉपला आजही चालतो, आणि तारीख सारखी मागे जात असेल, त्यामुळे साइट उघडताना सर्टिफिकेटची चूक दाखवत असेल, तर सीआर२०३२ चा सेल बदला, फॉरमॅटने काही होणार नाही.

आताचं चित्र जास्त विस्कळीत आहे. लोक लॉग टाकत नाहीत, निळ्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो टाकतात. उत्तरं व्हिडिओत असतात. मदतीच्या नावाने उलटा फोन करून स्क्रीन शेअर करायला लावणारे चोर आलेत, त्यामुळे ‘तुझं मशीन मला दाखव’ असं म्हणायची आता चांगल्या माणसालाही चोरी झाली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर, त्याआधीच्या मशीनवर फॉरमॅट मारून काही ते आपोआप चालणार नाही. अशांसाठी विंडोज १० चे जादा अपडेट नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण विचारणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

आणि सगळ्यात नवा गुंता डिस्कच्या कुलपाचा. २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ कोरी टाकली आणि कंपनीच्या खात्याने साइन इन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते, आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. पुढे कधी बायोस अपडेट केला, मदरबोर्ड बदलला, की सकाळी निळी स्क्रीन ४८ आकडी किल्ली मागते. ती मिळाली नाही तर मशीन परत वापरण्यापुरता फॉरमॅट उरतो, डेटा विसरायचा. गेल्या महिन्यात असाच एकाचा फोटो आला होता, कॉलेजचा प्रोजेक्ट आत अडकलेला. विचारलं, विंडोज टाकताना ईमेल कुठला दिला होतास? तर म्हणे मला माहीत नाही, फॉरमॅट मारणाऱ्याने त्याचाच टाकला होता.